कृत्रिम सांध्यातील बुरशी: शोधली तरच सापडणारी

गुडघ्याचा किंवा खुब्याचा झिजलेला सांधा काढून त्याजागी धातूचा आणि पॉलिएथिलीनचा सांधा बसवण्याची शस्त्रक्रिया आता महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणीही होते, आणि शंभरातील एखाद-दोन रुग्ण वगळता त्या सांध्यात जंतुसंसर्ग होत नाही. ज्यांना तो होतो त्यांच्यातही बहुधा स्टॅफिलोकॉकस गटाचे जिवाणू कारणीभूत असतात आणि बुरशीचा वाटा जेमतेम एक टक्क्याच्या आसपास असतो. हा आकडा लहान आहे म्हणूनच हा आजार अवघड झाला आहे, कारण जे क्वचित आढळते त्याची शंकाच मुळात उशिरा येते आणि तोवर बुरशीचा सांध्यात पक्का जम बसलेला असतो.

ही बुरशी बहुतेक वेळा कॅन्डिडा या वंशातील असते. कॅन्डिडा अल्बिकन्स ही जात निरोगी माणसाच्या तोंडात व आतड्यात, तर कॅन्डिडा पॅरासायलोसिस ही जात त्वचेवर निरुपद्रवीपणे राहते. मात्र अनियंत्रित मधुमेह, स्टिरॉइडसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, त्याच सांध्यावर वारंवार झालेल्या शस्त्रक्रिया किंवा दीर्घकाळ घेतलेली प्रतिजैविके यांमुळे तिला सांध्यापर्यंत वाट मिळते. जिवाणूंच्या संसर्गात दिसणारा जोराचा ताप किंवा लालबुंद सूज येथे पुष्कळदा नसते. सांधा थोडा दुखतो, थोडा सुजतो, आणि असेच महिने निघून जातात. अशा वेळी अंदाजाने प्रतिजैविके सुरू करणे ही सर्वांत घातक चूक ठरते, कारण ती औषधे बुरशीला धक्का लावत नाहीत, उलट तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या जिवाणूंना हटवून तिचे रान मोकळे करतात. म्हणून रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर औषधाआधी सुईने सांध्यातील द्रव काढून तपासणीला पाठवावा, आणि त्या चिठ्ठीवर ‘बुरशीसाठी कल्चर’ असे स्पष्ट लिहावे, हा आग्रह धरलाच पाहिजे. काही बुरशी इतक्या सावकाश वाढतात की नेहमीच्या मुदतीत नमुना टाकून दिला तर त्या निसटतात. त्यामुळे तो दोन ते चार आठवडे राखून ठेवावा लागतो, आणि एखाद्या नमुन्यात कॅन्डिडा उगवली तर ती बाहेरून मिसळली असेल असे गृहीत न धरता पुन्हा नमुने घ्यावे लागतात.

निदान झाल्यावरही केवळ गोळ्या-सलाइनने हा संसर्ग सहसा का हटत नाही, याचे उत्तर सांध्याच्या पृष्ठभागावर मिळते. धातूला चिकटलेल्या पेशी स्वतःभोवती शर्करा आणि प्रथिनांचा चिकट थर तयार करतात, ज्याला बायोफिल्म म्हणतात. या थरातील बीटा-ग्लुकान नावाचा घटक औषधाचे रेणू वाटेतच अडकवून ठेवतो, आणि खोलवरच्या काही पेशी इतक्या सुस्त अवस्थेत जातात की वाढणाऱ्या पेशींना मारणारे औषध त्यांना इजा करू शकत नाही. निर्जीव धातूला रक्तपुरवठा नसल्याने शरीराच्या संरक्षक पेशीही तेथे पुरेशा बळाने पोहोचत नाहीत.

म्हणूनच दोन टप्प्यांची शस्त्रक्रिया हा आजही सर्वाधिक भरवशाचा मार्ग मानला जातो. पहिल्या टप्प्यात कृत्रिम सांधा, त्याला धरून ठेवणारे सिमेंट आणि भोवतीच्या संसर्गग्रस्त ऊती काढून टाकतात आणि रिकाम्या जागेत ‘स्पेसर’, म्हणजे औषध मिसळलेल्या बोन सिमेंटचा तात्पुरता सांधा, बसवतात. हे सिमेंट पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट नावाच्या प्लास्टिकचे असून भुकटी आणि द्रव एकत्र कालवले की काही मिनिटांत तापून घट्ट होते, त्यामुळे त्यात घालायचे औषध उष्णता सोसणारे हवे आणि घट्ट झाल्यावर बाहेर झिरपणारेही हवे. पारंपरिक ॲम्फोटेरिसिन-बी उष्णता सोसते, पण सिमेंटमध्ये अडकून फारच थोडे बाहेर येते. व्होरिकोनॅझोल अधिक झिरपते, मात्र त्यामुळे सिमेंट कमकुवत होते, आणि काही महिन्यांसाठीच असलेल्या स्पेसरमध्ये ही उणीव बहुधा स्वीकारता येते.

या काळात निदान सहा आठवडे बुरशीरोधक औषधे चालतात. माणसाची आणि बुरशीची पेशीरचना बरीच मिळतीजुळती असल्याने अशा औषधांचे प्रकार मोजकेच आहेत. फ्लुकोनॅझोल तोंडाने घेता येते, पण कॅन्डिडा क्रुसाय ही जात त्याला मुळातच दाद देत नाही. एकायनोकॅन्डिन गटातील औषधे बायोफिल्मवर अधिक प्रभावी असली तरी ती शिरेतून द्यावी लागतात. ॲम्फोटेरिसिन देताना मूत्रपिंडावर सतत लक्ष ठेवावे लागते. त्यामुळे बुरशीची नेमकी जात आणि तिची औषधसंवेदनशीलता कळणे अत्यावश्यक आहे, विशेषतः अनेक औषधांना न जुमानणारी कॅन्डिडा ऑरिस भारतीय रुग्णालयांत आढळत असताना. घरच्यांनीही एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी: फ्लुकोनॅझोलमुळे ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांचा आणि वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम वाढतो, म्हणून रुग्णाच्या चालू औषधांची पूर्ण यादी डॉक्टरांपुढे ठेवावी.

नवा सांधा बसवण्याची घाई येथे उपयोगाची नसते. लक्षणे शमल्याची आणि तपासण्या समाधानकारक असल्याची खात्री झाल्यावर, बहुधा तीन ते सहा महिन्यांनी, दुसरा टप्पा हाती घेतात. वय किंवा हृदयविकार यांमुळे ज्यांच्यावर मोठी शस्त्रक्रिया शक्यच नसते, त्यांच्या बाबतीत बुरशी फ्लुकोनॅझोलला दाद देणारी असेल तर सांधा तसाच ठेवून ते औषध दीर्घकाळ, कधी आयुष्यभर, देऊन संसर्ग दाबून ठेवला जातो.