कारखान्याची किल्ली

मी कणकुंबीचा. आमचे गाव खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, मलप्रभेच्या उगमापाशी, चोर्ला घाटाच्या वाटेवर आहे. ‘एवढ्या आडरानात आमच्या मोडेमवर कोण डोळा ठेवणार?’ असे गावात पुष्कळांना वाटते. हा समज किती फसवा आहे, ते येथे थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

घर इंटरनेटशी जोडणारा मोडेम किंवा राउटर हा एक लहानसा संगणकच असतो. त्याच्या अंतर्गत व्यवस्थेत शिरण्यासाठी नाव आणि पासवर्ड लागतात. पुष्कळ कंपन्या एका नमुन्याच्या सर्व यंत्रांना एकच जोडी घालून देत आल्या: नाव ‘अ‍ॅडमिन’, पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’. ही जोडी माहितीपुस्तिकेत छापलेली, म्हणजे जगजाहीर. बाजारातल्या साऱ्या कुलपांना एकच किल्ली लागावी, तसा हा प्रकार. वाय-फायचा पासवर्ड याहून निराळा. तो बदलला म्हणून हा बदलत नाही.

आता चोर कसा येतो ते पाहू. इंटरनेटवरील प्रत्येक जोडणीला एक क्रमांक असतो. चोराचा प्रोग्रॅम हे क्रमांक एकामागून एक ठोठावत सुटतो. त्याला मुंबई काय आणि कणकुंबी काय, दोन्ही सारखीच. दार सापडले की तो ठरलेल्या जोड्या लावून पाहतो. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रॅमने सुमारे ६० जोड्यांच्या बळावर लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा यंत्रांनी ‘डाइन’ या अमेरिकन कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास अनेकांना उघडेनात. यंत्रांच्या मालकांना याची गंधवार्ताही नव्हती. ‘आमच्या घरात चोरण्यासारखे काय आहे?’ या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. चोराला आपल्या ओसरीवरून दुसऱ्याच्या घरावर दगड मारायचे असतात!

हे दूरचे वाटेल, म्हणून आपल्या राज्यातले उदाहरण देतो. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या कर्नाटक परिमंडळातील सुमारे ६०,००० मोडेम अशाच हल्ल्यात सापडल्याच्या बातम्या आल्या. ‘अ‍ॅडमिन’ ही जोडी ज्यांनी बदलली नव्हती, त्यांचेच मोडेम बळी पडले. पासवर्ड बदला, असे आवाहन मग कंपनीला ग्राहकांना करावे लागले.

उपाय सोपा आहे. मोडेमवरील चिठ्ठीत दिलेला पत्ता संगणकावर उघडावा, आत जाऊन लांब व वेगळा पासवर्ड ठेवावा आणि तो वहीत लिहून वही घरातच जपावी. मिराईसारखा प्रोग्रॅम यंत्र बंद करून चालू केल्याने पुसला जातो. पण पासवर्ड जुनाच राहिला तर तो काही मिनिटांत परत येऊ शकतो. रिसेटचे बटण दाबले की कारखान्याचा पासवर्ड पुन्हा लागू होतो. म्हणून दुरुस्तीनंतर हे काम पुन्हा करावे.

ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून घरगुती यंत्रांत असे सरसकट पासवर्ड ठेवण्यास कायद्याने बंदी घातली. पण कायदा झाला तरी घरोघरी बसवलेली जुनी यंत्रे आपोआप बदलत नाहीत. विद्यार्थी मित्रांनो, सुट्टीत गावी गेलात की घरचा मोडेम, शेजारच्या दुकानातला कॅमेरा, शाळेतला राउटर एकदा मालकाला विचारून तपासा. दहा मिनिटांचे काम आहे. त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.