शितावरून मेंढ्याची परीक्षा

भात शिजला का, हे एका शितावरून कळतं, कारण सगळी शितं एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजतात. कळपाचं तसं नसतं.

म्हैसूर जिल्ह्यातल्या बन्नूरची मेंढी आखूड पायांची, भरल्या अंगाची आणि मांसासाठी नावाजलेली. समजा, तिथल्या एका नराचं पहिलं कोकरू सरासरीपेक्षा चार किलो भारी निघालं. मग नर उत्तम ठरला का? लगेच नाही. कोकराच्या आईला दूध जास्त असेल, किंवा त्या वर्षी चारा भरपूर असेल.

इथे जुनी वही कामाला येते. नराचे आईबाप आणि भावंडं यांच्या नोंदींवरून आधी एक अंदाज बांधतात. तराजूच्या एका पारड्यात हा अंदाज, दुसऱ्यात कोकरांची वजनं. कोकरू एकच असेल, तर वंशावळीचं पारडं जड राहतं. वेगवेगळ्या मेंढ्यांपासूनची पन्नास कोकरं झाली, की एकाचं सुदैव दुसऱ्याच्या दुर्दैवानं भरून निघतं आणि नव्या पुराव्याचं पारडं खाली जातं.

आधीची समज नव्या पुराव्यानं सुधारण्याच्या या विचाराचं मूळ टॉमस बेज यांच्या १७६३ साली, मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या निबंधात आहे. जनावरांच्या नोंदी आणि नातेसंबंध एकत्र तोलण्याची पद्धत विसाव्या शतकात अमेरिकेच्या चार्ल्स हेंडरसन यांनी घडवली.

‘खाण तशी माती’ ही सुरुवात झाली. निकाल मात्र नोंदींवरच. म्हणून पशुपालकांनो, प्रत्येक कोकराचं वजन आणि त्याचे आईबाप वहीत लिहून ठेवा.