नदीच्या दरडी वाचणारे विद्यार्थी

प्राध्यापक निवृत्त झाले की शाल, श्रीफळ आणि भाषणे होतात. त्यांनी नेमके काय शिकवले हे मात्र त्यांचे विद्यार्थी पुढे काय करतात त्यावरूनच कळते, असे आम्हाला वाटते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून १९७३ साली निवृत्त झालेले पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकळिया यांच्याकडे या दृष्टीने पाहू.

सांकळिया १९३९ मध्ये तेथे रुजू झाले. पुढे अनेक विद्यार्थ्यांना त्यांनी संशोधनासाठी एकेक प्रदेशच नेमून दिला. सुब्बाराव यांना बल्लारी, वीरेंद्रनाथ मिश्र यांना राजस्थान, पदय्या यांना कर्नाटकातील शोरापूरचा दुआब. तेथे हिंडून शोधायचे.

पण कुठे शोधायचे? आधी नदीकाठी. नदी स्वतःचाच जुना गाळ कापत जाते तेव्हा काठाची उभी दरड उघडी पडते. तीत गोट्यांचे, वाळूचे, मातीचे थर दिसतात. थर उलथेपालथे झाले नसतील, तर खालचा वरच्यापेक्षा जुना. दगडी हातकुऱ्हाड ज्या थरात रुतलेली असेल, त्यावरून तिचा क्रम लागतो. तीच पात्रात सुटी पडलेली मिळाली तर? पुराने ती कुठून आणली कोण जाणे! शिवाय मोठे गोटे म्हणजे वेगवान प्रवाह, बारीक गाळ म्हणजे संथ पाणी. म्हणजे दरडीत हवामानाचाही इतिहास असतो. तो वाचायला भूशास्त्र हवे. शरद राजगुरू यांनी आयुष्यभर हेच काम केले.

हीच दृष्टी शिरूरजवळ घोड नदीकाठच्या इनामगावला दिसते. तेथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे उत्खनन १९६८ मध्ये सुरू झाले. राजाचे नाव किंवा शिलालेख मिळण्याचा प्रश्नच नव्हता. पाहायचे होते ते जळके धान्य, हाडे, चुली, घरांच्या जमिनी. माती पाण्यात कालवली की जळके दाणे हलके असल्याने वर तरंगतात, इतकी साधी युक्ती! इनामगावचे लोक सातू पिकवत, हे अशाच दाण्यांवरून कळले. आधीची चौकोनी घरे जाऊन इ.स.पू. १००० नंतर लहान गोल झोपड्या आल्या. पाऊसमान घटून शेती खालावल्याची ही खूण असावी, असे उत्खननकर्त्यांचे मत पडले. सगळ्यांना ते पटलेले नाही.

सांकळिया निवृत्त झाले तेव्हा हे काम अर्ध्यावर होते. ते १९८३ पर्यंत चालले. अहवाल १९८८ मध्ये, सांकळियांच्या निधनाच्या काही महिने आधी प्रसिद्ध झाला. त्यावर ढवळीकर, सांकळिया, अन्सारी अशी तीन नावे या क्रमाने आहेत.