फिट मेंदूत, धक्का हृदयाला

सकाळच्या धीम्या लोकलसाठी ठाकुर्लीच्या फलाटावर उभा असलेला एखादा माणूस अचानक कोसळतो. अंग ताठ होते, मग झटके सुरू होतात. गर्दीतून सूचना येतात : चप्पल हुंगवा, कांदा आणा, हातात किल्ल्या द्या. यातल्या कशानेही फिट थांबत नाही; ती बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. मग ‘झालं, पडू दे आता’ म्हणत लोक आलेल्या गाडीकडे वळतात. खरे तर लक्ष द्यायचे ते याच वेळी.

फिट म्हणजे मेंदूतला विद्युत गोंधळ. हृदयाचा वेग आणि रक्तदाब यांचे नियंत्रणही मेंदूच करतो, त्यामुळे गोंधळ त्या केंद्रांपर्यंत गेला की हृदयालाही धक्का बसतो. बहुतेक वेळा नाडी धावू लागते, रक्तदाब चढतो, घाम फुटतो. काहींना झटक्यांच्या आधीच छातीत धडधडते. फिटनंतर लगेच मोजलेला रक्तदाब जास्त भरला म्हणून त्या माणसाला ‘बीपी आहे’ असे ठरवून टाकू नये. तो शांत झाल्यावर पुन्हा मोजावा.

क्वचित उलटे घडते. कानशिलामागच्या टेम्पोरल लोबमधून सुरू झालेल्या फिटमध्ये नाडी मंदावते, कधी काही सेकंद थांबतेसुद्धा. फिट सुरू होताना नाडी थांबल्याची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये १९०६ सालीच छापून आली होती. बहुतेकदा हृदय स्वतःच पुन्हा चालू लागते. मात्र फिटमध्ये मध्येच अंग एकदम सैल पडत असेल, तर डॉक्टरांना ते जरूर सांगावे. काही रुग्णांना पेसमेकरही लागतो.

अधिक गंभीर धोका झटके थांबल्यानंतरचा. अपस्मार असलेल्या दर हजार प्रौढांपैकी साधारण एकाचा वर्षभरात असा अचानक मृत्यू होतो. रुग्णालयात यंत्रे जोडलेली असताना झालेल्या अशा मृत्यूंचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. मोठ्या फिटनंतर काही मिनिटांतच श्वास आणि हृदयाचे ठोके दोन्ही बिघडले, आधी श्वास कायमचा थांबला, मग हृदय. बहुतेक रुग्ण रात्री, पालथे पडलेले होते. ज्यांना वारंवार मोठ्या फिट येतात, त्यांना हा धोका जास्त. रात्री अकराला घरी येऊन पहाटेची गाडी पकडणाऱ्याची झोप आणि गोळी दोन्ही चुकतात, आणि फिटला तेवढे निमित्त पुरते.

म्हणून झटके थांबताच माणसाला कुशीवर वळवा, कॉलर सैल करा, तोंडात काही घालू नका, पाणीही नको. छाती वरखाली होते आहे ना, हे पाहत तो शुद्धीवर येईपर्यंत थांबा. झटके पाच मिनिटांहून जास्त चालले, लागोपाठ दुसरी फिट आली किंवा श्वास नीट नसेल तर १०८ला फोन करा. श्वास थांबलाच तर उताणे करून छाती दाबायला सुरुवात करा.

आणखी एक गफलत नेहमीची. उकाड्यात, उपाशीपोटी चक्कर येऊन पडलेल्यालाही दोन-चार झटके येतात. तो लगेच भानावर येतो. फिटनंतर मात्र बराच वेळ गोंधळलेपण राहते. हृदयाच्या लयीतला जन्मजात दोषही फिटसारखाच दिसू शकतो. त्यात वर्षानुवर्षे फिटच्या गोळ्या घेऊन उपयोग नसतो. पहिल्या फिटनंतर मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, सगळेच काढतात. त्याच दिवशी साधा ईसीजीही काढून घ्या.