बाजारहाटाची पिशवी

रेडी हे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाचे, वेंगुर्ले तालुक्यातील गाव. पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस तेरेखोलची खाडी व तिच्यापलीकडे गोवा, गावालगत यशवंतगड आणि मागे लोहखनिजाचे डोंगर, असा हा मुलूख आहे. डोंगरापासून समुद्रापर्यंतचे अंतर फार थोडे आणि पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे येथे परसात पडलेली वस्तू फार काळ परसात राहत नाही. आषाढातील पहिल्या मोठ्या सरीबरोबर ती व्हाळात जाते, व्हाळातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जाते. पानाची पत्रावळ अशी वाहून गेली तर चिंता नसते, कारण ती वाटेतच कुजून माती होते. प्लास्टिकची पिशवी मात्र जशीच्या तशी समुद्रावर पोहोचते. म्हणून ‘बाजारातून माल कशातून आणावा’ हा वरवर क्षुल्लक दिसणारा प्रश्न किनाऱ्यावरील शाळेत विचारपूर्वक शिकविण्याजोगा आहे.

पूर्वीची रीत

प्लास्टिक येण्यापूर्वी कोकणातील बाजारहाट काही अडून राहिला नव्हता. घरून कापडी पिशवी जाई, तेलासाठी बाटली किंवा किटली जाई. मासळी पाटीतून येई, करवंदे व जांभळे पानांच्या खोल्यातून मिळत आणि वाणी साखर व डाळी कागदाच्या पुडीत सुतळीने बांधून देई. बांबूची टोपली, रोवळी आणि सूप ही गावातच विणली जात व जीर्ण झाली म्हणजे चुलीत जात. या रीतीतील मुख्य गोष्ट अशी की, भांडे गिऱ्हाईकाचे असे. दुकानदाराने केवळ माल द्यावयाचा असे.

मात्र जुने ते सर्वच पुन्हा आणावे, असे म्हणता येणार नाही. छापील वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधल्यास शाईतील अपायकारक द्रव्ये अन्नात उतरतात, म्हणून देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तसे न करण्याविषयी सूचना दिलेल्या आहेत. घेण्यासारखी आहे ती भांडे बरोबर नेण्याची सवय.

ही पिशवी आली कोठून?

पॉलिथिन हा पदार्थ १९३३ साली इंग्लंडमधील नॉर्थविच येथील रासायनिक कारखान्यात प्रयोग चालू असता सापडला. आज सर्वत्र दिसणारी, वरच्या बाजूस दोन कान असलेली पिशवी स्वीडनमधील सेलोप्लास्ट या कंपनीसाठी स्टेन गुस्ताफ थुलिन यांनी तयार केली. १९६५ साली तिला अमेरिकेत पेटंट मिळाले. कागदाच्या पिशव्यांसाठी झाडे तोडावी लागत. त्यापेक्षा हलकी, बळकट व पुनःपुन्हा वापरता येईल अशी पिशवी असावी, हा थुलिन यांचा हेतू होता. ते स्वतः अशी पिशवी घडी करून खिशात ठेवीत, असे त्यांच्या मुलाने पुढे सांगितले आहे. टिकावी म्हणून केलेली वस्तू एकदाच वापरून टाकण्याची चाल पडली, आणि त्यातून अनर्थ झाला.

पिशवीचे मोल काही नाही असे गिऱ्हाईकाला वाटते, तेही खरे नव्हे. दुकानदार ती विकत आणतो आणि तो खर्च मालाच्या किमतीतच येतो.

अपाय कोणते?

पॉलिथिन कुजत नाही. उन्हाने ते ठिसूळ होते व त्याचे बारीक बारीक तुकडे होतात. हे तुकडे वाळूत, पाण्यात व माशांच्या पोटात जातात. समुद्रात तरंगणारी पिशवी जेलीमाशासारखी दिसते आणि जेलीमासे हे समुद्री कासवांचे एक अन्न आहे. वेंगुर्ले तालुक्यात वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालण्यास येतात. त्यांच्या पोटात पिशवी गेली तर अन्नमार्ग अडतो. किनाऱ्यावर रापण ओढली म्हणजे मासळीबरोबर पिशव्याही जाळ्यात येतात.

जमिनीवरही हीच कथा आहे. उरलेले अन्न पिशवीत बांधून टाकले की गुरे ते पिशवीसकट खातात. प्लास्टिक पचत नाही व बाहेरही पडत नाही; त्याचा गोळा गुराच्या पोटात वाढत जातो. पुष्कळ घरांत पिशव्या चुलीत पेटवणासाठी वापरल्या जातात, तेही घातक आहे. त्या धुरातील विषारी वायू व काजळी प्रथम चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या आणि तिच्याजवळच्या मुलाच्या छातीत जातात.

कायदा काय सांगतो?

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि शहर पाण्याखाली गेले. गटारे तुंबण्याच्या कारणांत प्लास्टिकच्या पिशव्यांचा मोठा वाटा दिसून आला. त्यानंतर २००६ साली राज्याने अविघटनशील कचऱ्याविषयी कायदा केला. पुढे २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या हातपिशव्यांचे उत्पादन, विक्री, साठवण व वापर यांवर राज्यात बंदी आली आणि २३ जूनपासून प्रत्यक्ष कारवाई सुरू झाली. पहिल्या गुन्ह्यास ५ हजार, दुसऱ्यास १० हजार आणि तिसऱ्यास २५ हजार रुपये दंड व तीन महिने कैद अशी शिक्षा ठरविण्यात आली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आहे. केंद्राच्या २०१६ च्या नियमांनी प्लास्टिक कचऱ्याची जबाबदारी ग्रामपंचायतींवरही टाकलेली आहे.

परदेशांचा अनुभवही बोधप्रद आहे. पुरांनी त्रस्त झालेल्या बांगलादेशाने २००२ साली पातळ पॉलिथिन पिशव्यांवर बंदी घातली; पण पर्याय व देखरेख यांच्या अभावी पिशव्या बाजारात राहिल्या. त्याच वर्षी आयर्लंडने बंदी न घालता प्रत्येक पिशवीवर १५ सेंट कर बसविला. मोठमोठ्या दुकानांतूनही लोक घरची पिशवी नेऊ लागले आणि पिशव्यांचा खप सुमारे ९० टक्क्यांनी उतरला. यावरून दिसते की, माणूस दुकानाच्या दारात पोहोचण्यापूर्वी पिशवीचा विचार करू लागला तरच रीत पालटते.

मग कोणती पिशवी चांगली?

येथे शिक्षकांनी एका गैरसमजापासून सावध राहावे. पिशवी कापडाची म्हणजे आपोआप निर्दोष, असे नाही. कापूस पिकविण्यास पाणी, खत व जमीन लागते आणि कापड विणण्यास इंधन लागते. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या तुलनेत, हवामानावरील परिणामापुरते पाहिले तर, नवी सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. कागदी पिशवी ३ वेळा. समुद्रात किंवा गुरांच्या पोटात जाणाऱ्या कचऱ्याचा हिशेब या आकड्यात नाही. तरीही त्यातला धडा मोलाचा आहे. आठवड्यातून दोनदा बाजारास नेली तर नवी सुती पिशवी सुमारे सव्वा वर्षाने खऱ्या अर्थाने फायद्याची ठरते. प्रत्येक समारंभात एकेक नवी पिशवी वाटून ती कपाटात साठविण्याने काहीच साधत नाही. जुन्या लुगड्याची, चादरीची वा धोतराची पिशवी मात्र पहिल्या दिवसापासूनच फायद्याची, कारण तिच्यासाठी नवे कापड विणावे लागत नाही.

दुसरी फसगत दुकानातील रंगीत ‘कापडी’ पिशव्यांची. त्यांतील बऱ्याच पिशव्या पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या, न विणलेल्या असतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. खऱ्या कापडाच्या कडेचा धागा ओढून काढता येतो व उभे-आडवे विणकाम दिसते. न विणलेल्या पिशवीत धागा सुटत नाही. दाबून उमटविलेले ठिपके दिसतात.

खरी अडचण ओल्या मालाची

तांदूळ, कांदे, भाजी यांसाठी कापडी पिशवी पुरते. बांगडे किंवा तारली आणावयाची असली म्हणजे ती पुरत नाही, आणि किनाऱ्यावरील घरात मासळी तर नित्याचीच. म्हणून मासळीसाठी झाकणाचा डबा किंवा किटली वेगळी ठेवणे हाच खात्रीचा उपाय होय. शेवग्याच्या शेंगा, माठ, फुले यांना केळीचे पान पुरते. मजुरीवरून परतताना वाटेत चार जिन्नस घेणाऱ्या माणसाजवळ पिशवी नसते. त्याच्यासाठी खिशात मावेल अशी पातळ सुती कापडाची घडीची पिशवी करावी.

शाळेत काय करता येईल?

इयत्ता तिसरी ते पाचवीच्या मुलांनी एक आठवडाभर आपल्या घरी आलेल्या पिशव्या मोजाव्यात आणि त्या कोणत्या मालाबरोबर आल्या ते लिहावे. शिक्षकांनी घरांची नावे न घेता सर्वांची बेरीज फळ्यावर मांडावी. वरच्या वर्गांनी त्यावरून शेकडेवारी व स्तंभालेख काढावा. कोणत्या मालासाठी पिशवी सर्वांत अधिक येते हे कळले की उपाय कोठून सुरू करावयाचा तेही कळते.

जूनमध्ये शाळेच्या आवारात फणसाचे पान, कागद, सुती चिंधी व पिशवीचा तुकडा वेगवेगळे पुरून खुणा कराव्यात आणि दिवाळीच्या सुटीपूर्वी उकरून पाहावे. हे दृश्य दहा व्याख्यानांचे काम करते.

हस्तव्यवसायाच्या तासास जुन्या कापडाच्या पिशव्या शिवाव्यात. सुमारे ४० सेंटिमीटर रुंद व ४५ सेंटिमीटर उंच पिशवी पुरते. तळाशी व बंदांच्या जोडावर दुहेरी शिवण घालावी. पिशवी झाली म्हणजे घराच्या दाराजवळ तिच्यासाठी एक खुंटी ठरवावी. पिशवी फडताळात राहिली तर विसरते. उंबरठ्याशी टांगलेली दिसते व हातात येते.

घरात साचलेल्या प्लास्टिक पिशव्या जाळू अगर फेकू नयेत. त्या धुऊन, सुकवून एकत्र कराव्यात व ग्रामपंचायतीच्या व्यवस्थेकडे द्याव्यात. असा कचरा वेगळा केल्यास उपयोगी पडतो, हे तालुक्याच्या ठिकाणीच दिसून आले आहे. वेंगुर्ले नगरपरिषदेने घरोघरी कचऱ्याची वर्गवारी करून ओल्या कचऱ्यापासून गॅस व प्लास्टिकच्या तुकड्यांपासून रस्त्याचे डांबरीकरण केलेले आहे.

एक पथ्य शिक्षकांनी अवश्य पाळावे. या विषयात मुलांना हेर बनवू नये. उन्हात बसून मासळी विकणाऱ्या बाईने पिशवी दिली म्हणून मुलाने तिला बोल लावणे हे संस्काराचे लक्षण नव्हे. गिऱ्हाईक डबा आणीत नाही म्हणून तिला पिशवी ठेवावी लागते; ती न ठेवली तर गिऱ्हाईक शेजारच्या पाटीकडे वळते आणि तिची दिवसाची कमाई बुडते. मुलाने स्वतःच्या घरचा डबा पुढे केला की तिचा पिशवीचा खर्च वाचतो, आईला मासळी स्वच्छ मिळते आणि व्हाळात एक पिशवी कमी जाते. तेवढे एका मुलाकडून घडले तरी पाठ साधला असे समजावे.