मॅग्नमचा जोर आणि मंद दारू

दारू जास्त भरली की गोळी जोरात सुटते, हा रिव्हॉल्व्हरबद्दलचा समज अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा भाग दारू किती वेगाने जळते यावर ठरतो, आणि मॅग्नम, म्हणजे जास्त जोराच्या, काडतुसांचा सगळा इतिहास त्याभोवतीच फिरतो.

वापरलेल्या काडतुसाच्या पितळी केसमध्ये (नळकांड्यात) दारू पेटवणारा नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलून ओतायची आणि वर गोळी दाबायची, हा अमेरिकेतला जुना घरगुती छंद. आयडाहोचा एल्मर कीथ (१८९९–१९८४) त्यातला सर्वांत गाजलेला माणूस. गुरं राखणारा, शिकाऱ्यांचा वाटाड्या आणि फटकळ लेखक. .४५ कोल्ट काडतुसात केलेला जबर भरणा उडवताना त्याच्या रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर फुटलं. मग तो .४४ स्पेशल या काडतुसाकडे वळला. गोळी थोडी बारीक असल्याने तिथे सिलिंडरची भिंत जाड राहत होती.

पोलाद मिळालं, आता दारू हवी होती. १८९८ पासून मिळणारी ‘बुल्सआय’ झटकन जळते. हलक्या भरण्याला ती उत्तम; पण तिच्यावर वेग वाढवायला गेलं, तर गोळी जागची नीट हलण्याआधीच दाब शिगेला पोचतो. हर्क्युलस कंपनीची ‘२४००’ तुलनेने सावकाश जळणारी. ती .२२ हॉर्नेटसारख्या छोट्या रायफल-काडतुसांसाठी होती. झोपाळ्याला एक धक्का देण्याऐवजी हात थोडा वेळ लावून ठेवावा, तसा तिचा वायू गोळीला नळीभर रेटत राहतो. कीथने तिच्यावर .४४ स्पेशलचे दणदणीत भरणे बसवले आणि तशी काडतुसं बाजारात आणण्यासाठी कंपन्यांकडे वर्षानुवर्षं तगादा लावला.

१९३५ मध्ये स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर यांनी .३५७ मॅग्नम आणलं. त्याची केस .३८ स्पेशलपेक्षा सुमारे साडेतीन मिलिमीटर लांब ठेवली, जुन्या, कमकुवत .३८ मध्ये ती चुकूनही बसू नये म्हणून. आजच्या अमेरिकी मानकांत .३८ स्पेशलची दाबमर्यादा १७,००० पीएसआय आहे, तर .३५७ ची ३५,०००. रेमिंग्टनने बनवलेलं .४४ मॅग्नम १९५६ मध्ये बाजारात उतरलं, तेव्हा कीथचं म्हणणं खरं ठरलं.

पुढे गोलसर कणांच्या दारूने ‘२४००’ ला स्पर्धा दिली. हॉजडनची ‘एच११०’ आणि विंचेस्टरची ‘२९६’ ही नावं दोन, दारू एकच. भरगच्च मॅग्नमला ती फार मानवते. पण हिच्या बाबतीत ‘थोडी कमी घातली म्हणजे सुरक्षित’ हा व्यवहारी शहाणपणा चालत नाही. भरणा फार घटला की दाब पुरेसा चढत नाही, दारू नीट पेटत नाही आणि गोळी नळीतच अडकू शकते. ते न कळता पुढचा बार काढला, तर नळी फुटू शकते. ‘बुल्सआय’चा धोका उलटा: ती इतकी थोडी लागते की केसमध्ये दुप्पट पडली तरी चटकन लक्षात येत नाही. ‘२४००’ या दोघींच्या मधली, म्हणून मध्यम भरण्यालाही ती जमवून घेते.

जाणकार म्हणूनच आधी कामाचा विचार करतात: निशाणेबाजीचा सराव की शिकार, नळी आखूड की लांब, गोळी हलकी की जड. मग उत्पादकाने दाब मोजून छापलेला तक्ता उघडतात. दहनवेगाच्या यादीत दोन दारू शेजारी असल्या, तरी एकीचं माप दुसरीला लावत नाहीत. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार काडतुसं बनवायला परवाना लागतो. त्यामुळे हा छंद आपल्याकडे रुजला नाही. कीथसाठी मात्र तो नुसता छंद नव्हता, अभियांत्रिकीची गरज होती. त्याला ताकद वाढवायची होती, आणि ती त्याला सावकाश जळणाऱ्या दारूत मिळाली.