खाडीपलीकडचा बंगला

बोरिवलीहून खाडी ओलांडली की गोराई. होडीचा प्रवास तो काय, काही मिनिटांचा. तरीही दोन दिवसांच्या मुक्कामासाठी तेथील बंगला केवळ मोबाइलवरील छायाचित्रे पाहून ठरवायचा आणि जागा न पाहता निम्मी रक्कम धाडायची, ही रीत सुशिक्षितांतही रूढ झाली आहे. छायाचित्रे भलत्याच घराची, भाडे शेजारच्याहून कमी, आणि 'दुसरे गिऱ्हाईक थांबले आहे' हा तगादा. कारकुनाची चार महिन्यांची शिल्लक बुडायला एवढे पुरते.

दुसरा डाव परताव्याचा. अनामत परत करतो असे सांगून क्यूआर कोड स्कॅन करावयास लावतात. वस्तुतः पैसे घेताना पिन लागतच नाही, तो देतानाच लागतो.

गोराईचाच विपश्यना पगोडा घ्या. २००९ साली खुल्या झालेल्या या वास्तूत प्रवेशशुल्क नाही. तेथील विपश्यना शिबिरांनाही नाही. सहलवाल्याने त्याचे 'तिकीट' हिशेबात लावले असेल, तर बाकीचे आकडेही संशयास्पद समजावेत. होडीचे भाडे अर्थातच निराळे.

'सबुरीने घ्या' हा उपदेश आम्हांस अपुरा वाटतो. कारण उतावीळ माणूस मुळात नसतो, त्याला तसा केला जातो. फसल्यावर मात्र खरोखरच घाई हवी. १९३० या क्रमांकावर लगोलग कळविल्यास रक्कम पुढे सरकण्यापूर्वी रोखली जाण्याची शक्यता असते. पण आमची शिक्षक मंडळी 'शहाण्यासुरत्याने कसे सांगावे' या संकोचात नेमके तेच पहिले काही तास घालवितात.